पटाआधीचे दोन महिने : जोडी ‘तयार’ कशी व्हायची, हे इतिहासात कुठे शोधायचं?

पट कोणी जिंकला हे शोधणं तसं सोपं आहे. गावातल्या चौकात फ्लेक्स लागलेला असतो, वर्तमानपत्राच्या तालुका पानावर जोडीमालकाचं नाव असतं, बक्षिसाची रक्कम असते, जोडीनं किती सेकंदांत अंतर कापलं तेही असतं. पण ती जोडी त्या दिवसासाठी तयार कशी झाली? दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तिला काय चारलं, किती पळवलं, कोणी पळवलं? हे शोधायला बसलात की कागद संपतात.

या लेखात मला तुम्हाला एवढंच दाखवायचं आहे, की कुठल्याही शर्यतीच्या इतिहासात ‘शर्यतीचा दिवस’ आणि ‘शर्यतीची तयारी’ यांची साधनं वेगवेगळी असतात. संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना बहुतेक जण पहिलीच गोष्ट धरतात. दुसरी जास्त अवघड आहे, पण माझ्या मते खरा सामाजिक इतिहास तिच्यात आहे. उदाहरण घेऊया यवतमाळ आणि आसपासच्या शंकरपटाचं.

आधी पट म्हणजे काय ते पाहू

पुणे जिल्ह्यातल्या वाचकांना बैलगाडा आणि घाट माहीत असतो. विदर्भात त्याच्या जागी शंकरपट, किंवा नुसता पट. सरळ धावपट्टी, हलका छकडा, दोन बैलांची जोडी आणि तिला हाकणारा धुरकरी. काही ठिकाणी एकेक जोडी घड्याळावर सोडतात, काही ठिकाणी जोडीला जोडी भिडवतात. यवतमाळच्या हद्दीपासून जवळच, अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर आहे. तिथला पट सगळ्या वऱ्हाडाला माहीत आहे, आणि तिथे महिला धुरकरींच्या जोड्याही धावतात.

आता पटाचा हंगाम कधी असतो ते बघा. मृगानंतर पेरणी, मग कपाशीत डवरणी. आषाढ-श्रावणात बैलाच्या मानेवरचं जू क्वचितच उतरतं. पोळ्याला, म्हणजे श्रावण अमावस्येला, त्याचा मान होतो. दसरा-दिवाळीपासून कापूस वेचणी सुरू होते. वेचणी माणसांच्या, बहुतेक बायांच्या, हातानं होते. बैलाचं काम त्या मानानं हलकं होतं. संक्रांतीच्या पुढे पट भरायला लागतात. म्हणजे जोडी तयार करायला मिळतो तो काळ कपाशीच्या वेळापत्रकानं ठरवून दिलेला आहे. कोणी समिती बसून हा हंगाम ठरवलेला नाही.

हे लक्षात आलं की पहिला धडा मिळतो. तयारीचा इतिहास शोधताना आधी कामाचं कॅलेंडर मांडा. एका रकान्यात मराठी महिने, दुसऱ्यात शेतीचं काम, तिसऱ्यात बैलाचं काम, चौथ्यात चारा. चौथा रकाना भरताना तुम्हाला कळेल की आपल्याला काहीच माहीत नाही. प्रश्न तिथेच सुरू होतो.

तयारीत नेमकं काय असतं?

शर्यतीच्या जनावराची तयारी जगात कुठेही तीन गोष्टींवर चालते : खुराक, सराव आणि विश्रांती. शर्यतीच्या कबुतरांचं उदाहरण घ्या. युरोपात, विशेषतः बेल्जियममध्ये, एकोणिसाव्या शतकापासून हा मोठा छंद आहे. हंगामाआधी पक्ष्याला घरट्याभोवती फिरवतात, मग थोड्या अंतरावर नेऊन सोडतात, मग अंतर वाढवत नेतात. दाणे उडून आल्यावरच द्यायचे, म्हणजे पक्षी रेंगाळत नाही, थेट घर गाठतो. भूक हाच तिथला लगाम.

बैलाचं तसं नाही. भुकेला बैल पळत नाही. त्याला आधी अंग धरावं लागतं. ज्वारीचा कडबा आणि तुरीचं-हरभऱ्याचं कुटार ही रोजची पोटभरी. सरकीची ढेप ही ताकद. पटाच्या जोडीला याच्या वर उडीद, दूध, तूप, अंडी चारल्याचंही पुष्कळ ऐकू येतं. खुरांना पत्री मारणं, खांदा सुजू न देणं, दोन बैलांची चाल एकमेकांशी जुळवणं, हे सगळं त्याच दोन महिन्यांतलं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. एक बैल कितीही वेगवान असला, तरी शेजारचा मागे राहिला की छकडा तिरपा जातो. म्हणून पटवाले बैलाबद्दल कमी आणि ‘जोडी’बद्दल जास्त बोलतात.

ढेपेवर जरा थांबा. सरकी म्हणजे कपाशीचं बी. कापूस जिनिंगमध्ये गेला की रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे. सरकीचं तेल काढल्यावर उरते ती ढेप. म्हणजे जे पीक बैलानं डवरलं, त्याचाच उरलेला भाग पैसे मोजून बैलाला परत चारायचा. कापसाला भाव नसला की शेतकऱ्याकडे ढेपेला पैसा नसतो. यवतमाळ जिल्हा शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर ओळखला गेला. अशा जिल्ह्यात दोन महिने जनावराला खुराक देऊ शकणारा माणूस कोण, हा प्रश्न विचारल्याशिवाय ‘पट ही शेतकऱ्याची परंपरा’ हे वाक्य लिहू नका. कोणत्या शेतकऱ्याची, ते लिहा.

राजाच्या कबुतरांचा हिशोब आहे, शेतकऱ्याच्या बैलाचा नाही

तयारीबद्दल आपल्याकडे जुनं लिखाण नाहीच का? आहे. फक्त ते कोणाच्या घरातलं आहे ते बघा.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे, साधारण इ. स. ११२९ च्या सुमाराचा. त्यात राजाच्या करमणुकींचा मोठा भाग आहे. मल्ल, हत्ती, घोडे, कोंबडे, लावे, मेंढे, रेडे, ससाणे, कुत्रे आणि हो, पारावत म्हणजे कबुतरंही. मल्लांना काय खायला द्यावं, त्यांच्याकडून मेहनत कशी करून घ्यावी, इथपर्यंत तपशील त्यात येतो.

सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फजलनं लिहिलेल्या ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या कबुतरांवर स्वतंत्र प्रकरण आहे. अकबर या छंदाला ‘इश्कबाजी’ म्हणायचा. दरबारात वीस हजारांहून जास्त कबुतरं होती, त्यातली पाचशे खास. ही शर्यतीची नव्हती, हवेत कोलांट्या घेणारी होती. पण तयारीची शिस्त तीच. आपल्या कामाचा तपशील पुढे आहे. उडणाऱ्या शंभर कबुतरांना चार शेर दाणे, इतरांना पाच, आणि जोडी लावलेल्यांना साडेसात. शिवाय उडणाऱ्यांना फक्त एकच बारीक धान्य, बाकीच्यांना सात धान्यांची मिसळ. जो पक्षी काम करणार त्याला हलका ठेवायचा, जो पिलं वाढवणार त्याला पोटभर द्यायचं. चारशे वर्षांपूर्वीची तयारीची पद्धत एका ओळीत सापडते.

ती का सापडते? कारण ते दाणे सरकारी कोठारातून जात होते. कोठार असलं की कारकून असतो आणि कारकून असला की हिशोब असतो. वणी किंवा दारव्ह्याच्या शेतकऱ्यानं आपल्या बैलाला किती ढेप घातली, याचा हिशोब घेणारा कोणी नव्हता. ढेप घरातली, बैल घरचा, चारणारा घरचा किंवा सालदार. म्हणून साधन नाही याचा अर्थ पद्धत नव्हती असा काढू नका. पद्धत होती, ती तोंडी आणि हातात होती.

ब्रिटिश कागदांत काय मिळतं?

यवतमाळवर काम करायचं म्हणजे वऱ्हाडचे कागद बघावे लागतात. निजामानं १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिला. पुढे ‘वणी’ या नावानं जो जिल्हा होता, त्याला १९०५ मध्ये दारव्हा आणि पुसद जोडून आजचा यवतमाळ जिल्हा झाला. ए. सी. लायलनं संपादित केलेलं वऱ्हाडचं गॅझेटिअर १८७० चं. ब्राऊन आणि रसेल यांचं यवतमाळ जिल्ह्याचं गॅझेटिअर १९०८ चं.

अशी गॅझेटिअर वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्यांची रचना प्रकरणांची असते. बैल येतो शेतीच्या प्रकरणात : जात कोणती, जोडी केवढ्याला, रोग कोणते. जत्रा येतात गावांच्या वर्णनात : कुठे भरते, किती लोक जमतात, जनावरांचा बाजार असतो का. बैल पळतो ते या दोन प्रकरणांच्या मधल्या फटीत. अनुक्रमणिकेत ‘शर्यत’ शोधून मिळालं नाही म्हणून पुस्तक मिटू नका. ‘जनावरं’, ‘गाड्या’, ‘रस्ते’, ‘बाजार’ हे चारही भाग वाचा.

रस्ते आणि गाड्या का? इथे मी एक गृहीतक मांडतो. ते गृहीतक म्हणूनच घ्या.

नागपूरपर्यंतची रेल्वे १८६७ मध्ये पोचली, पण ती यवतमाळ शहरातून गेली नाही. यवतमाळच्या माणसाला रेल्वे गाठायची तर धामणगाव. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी, लोकांची ‘शकुंतला’, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. तोपर्यंत, आणि गावांसाठी त्यानंतरही कित्येक वर्षं, माणूस आणि कापूस बैलांवरच चालला. त्या काळात चपळ जोडीला रोजच्या जगण्यात किंमत होती. शेजारच्या वर्धा-नागपूर पट्ट्यातल्या गवळाऊ बैलांची ख्याती हलकी गाडी घेऊन भरभर चालण्यासाठीच होती. मराठ्यांच्या फौजांच्या हालचालींसाठी ही जात जोपासली गेली, असं पशुविज्ञानाच्या जुन्या लिखाणात येतं.

मग तेव्हा पटासाठी वेगळी ‘तयारी’ लागत होती का? माझा अंदाज असा की आजच्या इतकी नाही. रोज दमणी ओढणारी जोडी रोजच सरावात असायची. वेगाला रस्त्यावर किंमत उरली नाही, एसटी आली, मोटारसायकल आली, ट्रॅक्टर आला, तसतसा पळणारा बैल आणि कामाचा बैल वेगळा होत गेला. पळण्यासाठी म्हणून राखलेली, दुरून विकत आणलेली, वखराला न जुंपलेली जोडी ही त्या मानानं अलीकडची गोष्ट असावी. तसं असेल तर ‘पट जुना आहे’ हे बरोबर असूनही ‘आज दिसतो तसा पट जुना आहे’ हे बरोबर ठरणार नाही. हे तपासायचं कसं? जोडीच्या किमतींवरून. कामाच्या जोडीचा भाव आणि पटाच्या जोडीचा भाव यांच्यातलं अंतर कोणत्या दशकापासून वाढलं, ते बाजारांच्या नोंदींत आणि जुन्या माणसांच्या आठवणींत शोधायचं.

तयारी कोर्टात आली

शेतकऱ्याच्या बैलाच्या तयारीवर खूप कागद एकदम तयार झाले ते गेल्या दीड दशकात, आणि ते कायद्यामुळे.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० चा. त्याच्या कलम २२ खाली सरकार काही प्राण्यांच्या नावांची अधिसूचना काढू शकतं. मग त्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत आणि खेळासाठी त्यांना शिकवताही येत नाही. ‘शिकवणं’ हा शब्द कायद्यातच आहे. अस्वल, माकड, वाघ यांच्या यादीत ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेनं बैल आला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली. बैल हा ओढकामाचा प्राणी आहे, घोड्यासारखा पळण्यासाठी त्याचं शरीर नाही, हा त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, नियम केले; उच्च न्यायालयात ते अडकलं. बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर राज्यानं समितीचा अहवाल पुढे ठेवला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे काय मिळतं? प्रतिज्ञापत्रं, पशुवैद्यकांचे अहवाल, निरीक्षकांच्या नोंदी, नियमांतल्या अटी : डॉक्टरचा दाखला हवा, काठी-चाबूक-शॉक नको, धावपट्टी एक हजार मीटरपेक्षा जास्त नको. नियमात जे बंद केलंय, ते कुठेतरी चालू होतं असं समजून प्रश्न विचारायला सुरुवात करता येते. मात्र सावध राहा. प्राणिमित्रांच्या अहवालात तयारी म्हणजे छळ असतो, कारण त्यांना तेच सिद्ध करायचं असतं. सरकारी अहवालात तयारी म्हणजे क्षमता असते, कारण त्यांना ते सिद्ध करायचं असतं. दोघांनीही जोडी दोन महिने रोज पाहिलेली नसते. कोर्टाचे कागद उत्तम साधन आहेत, पण भांडणासाठी तयार झालेले आहेत.

२०२३ च्या निकालात एक गोष्ट आपल्यासाठी मोलाची आहे. जल्लीकट्टू हा संस्कृतीचा अविभाज्य भाग आहे का, याला सखोल सामाजिक आणि सांस्कृतिक अभ्यास लागतो आणि ते काम न्यायालयाचं नाही, अशी भूमिका घटनापीठानं घेतली. विधिमंडळाचं मत त्यांनी मान्य केलं. म्हणजे तो अभ्यास अजून कोणीतरी करायचा आहे. ‘चारशे वर्षांची परंपरा’ हे वाक्य भाषणात खपतं. प्रबंधात त्या आकड्याला साधन द्यावं लागतं.

सात वर्षांची खिंड

२०१४ ते २०२१ या मधल्या काळाकडे मी खास लक्ष वेधेन. बैल तीन-चार वर्षांचा झाला की कामाला लागतो आणि दहा-बाराव्या वर्षी थकतो. त्यात पळण्याची उमेद थोडी वर्षं. सात वर्षं शर्यत नाही, म्हणजे बैलांची अख्खी पिढी पटाविना गेली. आणि त्यांच्याबरोबर पंधरा-सोळा वर्षांची जी पोरं धुरेवर बसायला शिकली असती, ती शिकली नाहीत. याच काळात गोठेही रिकामे होत होते. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांच्या दरम्यान देशातल्या नर गोवंशाची संख्या तीस टक्क्यांनी घटली.

त्यामुळे २०२२ नंतर पट पुन्हा भरले, तेव्हा तयारीचं ज्ञान कुठून आलं? जुन्या धुरकऱ्यांकडून, दुसऱ्या भागांतून बैलांबरोबर, की मोबाईलवरच्या व्हिडिओंतून? हा प्रश्न आज विचारता येतो. जुनी माणसं गेली की येणार नाही. तुमच्यापैकी कोणी यवतमाळ, वाशीम, चंद्रपूर भागातलं असेल, तर हे काम तुमच्या हाताशी आहे, आणि घाईचं आहे.

मुलाखतीत काय विचारायचं?

‘पटाबद्दल सांगा काका’ असं विचारलंत तर तुम्हाला जिंकल्याच्या गोष्टी मिळतील. त्या छान असतात, पण सगळ्या गावांत सारख्याच असतात. त्यापेक्षा असं विचारा :

कापूस वेचणी चालू असताना जोडीकडे कोण बघायचं? पहाटेचा चारा कोण टाकायचं? ढेप कुठून यायची, उधार की रोख? जोडी पहिल्यांदा पळवायची ती कोणत्या वावरात, कोणाच्या परवानगीनं? बैल तापला, लंगडला, तर काय करायचे? काठीला आर असायची का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नीट ऐका. फ्लेक्सवर मालक असतो. पण दोन महिने जनावराच्या अंगावर हात फिरवणारा बहुतेकदा सालदार असतो, पाडव्याला सालावर बांधलेला. आणि कुटार भिजवणारी, शेण काढणारी घरातली बाई असते. बक्षिसाच्या यादीत या दोघांचं नाव नसतं. त्यांना मुलाखतीच्या यादीत घ्या, मालकासमोर बसवून नव्हे, स्वतंत्र.

शेवटचा, काठीचा प्रश्न टाळू नका आणि आरोपासारखाही विचारू नका. बंदीच्या काळात कोणी चोरून सराव केल्याचं सांगितलं, तर नाव-गाव झाकायची जबाबदारी तुमची. ती कबुली तुमच्या प्रबंधासाठी महत्त्वाची असेल, पण त्या माणसासाठी ती अडचण होऊ शकते. मुलाखत सुरू करण्याआधीच हे त्याला सांगा, नंतर नाही.

आणि तुम्ही कोणाच्या बाजूचे, असं गावात विचारतीलच. पट चालू राहावा की बंद व्हावा, यावर तुमचं मत असू द्या. पण आधी चौथा रकाना भरा : त्या दोन महिन्यांत जोडीनं काय खाल्लं, ते कोणी आणलं आणि कशाच्या पैशानं. तो भरला की बाकीचा वाद पुष्कळ जमिनीवर येतो.